कैफियत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या अब्बांच्या तोंडी कायम असायची. त्यांनी ती पाळलीही. शेताच्या बांधाचं भांडण असो की भाडेकरूचं, सगळं त्यांनी चहाच्या कपावर मिटवलं. पण कोर्टाची पायरी चढायची की नाही, हे दर वेळी आपल्या हातात नसतं. गेल्या वर्षी बेलिफ धाकट्या भावाच्या दुकानात समन्स घेऊन आला, तेव्हा आमच्या तीन पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी ‘जाबदार’ झालं. त्या कागदावर जाबदार नंबर १ होता माझा पुतण्या, वय वर्षं १९. नंबर २ माझा भाऊ, गाडीचा मालक म्हणून. नंबर ३ विमा कंपनी.

घरात कुठलाही सरकारी कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी शाळामास्तर होतो आणि मला मराठी कागद वाचता येतो, एवढीच माझी पात्रता. म्हणून हे सगळं प्रकरण मी जवळून पाहिलं. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आता एक गाडी आणि एक नुकतं लायसन काढलेलं पोरगं आहे, म्हणून हे लिहितोय.

अपघात झाला तो सहा महिन्यांपूर्वी, सांगली-मिरज रस्त्याला लागणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी. संध्याकाळची वेळ. पुतण्या दुकानातलं कुशनचं कापड गाडीत टाकून घरी येत होता. बोळातून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळायचं होतं. उजवीकडून मार्केट यार्डातला एक हमाल सायकलवरून घरी चालला होता. गाडीचा वेग म्हणाल तर माणूस भरभर चालतो तेवढा. बॉनेट सायकलच्या मागच्या चाकाला लागलं आणि हमाल उजव्या हातावर पडला. गाडीच्या इंडिकेटरची काच तडकली. त्या माणसाचं मनगट मोडलं.

पोराने पळ काढला नाही. लोकांच्या मदतीने त्याच गाडीत घालून त्याला सिव्हिलमध्ये नेलं, बापाला फोन केला आणि नंतर दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेले. जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला कळवणं ही चालकाची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये लिहिलेली आहे. तेव्हा आमच्यापैकी कुणाला हे कलम माहीत नव्हतं. पोराला जे सुचलं ते त्याने केलं आणि पुढे प्रत्येक टप्प्यावर तेच कामी आलं. भावाने पहिल्या आठवड्यात दोनदा जाऊन विचारपूस केली, औषधाचं बिल दिलं. पंचनामा झाला, आरटीओने गाडी तपासली, गाडी सुटली. घरात सगळे म्हणू लागले, “अल्लाहने वाचवलं, किरकोळात निभावलं.”

हा ‘किरकोळ’ शब्द पुढे मला फार दिवस टोचत राहिला. इंडिकेटरची काच ही आमची किरकोळ बाब होती. मनगट त्याचं होतं.

समन्स आल्यावर पहिली प्रतिक्रिया रागाची होती. “भाई, दवाखाने का पैसा दिया, फल लेके गया, और उन्ने हमारेपेच केस डाल्या?” भाऊ मला म्हणत होता. अर्जात मागितलेली रक्कम होती सहा लाख रुपये. भावजय दोन दिवस जेवली नाही. तिच्या डोळ्यासमोर दुकान विकलं गेलं होतं आणि पोरगं तुरुंगात गेलं होतं. नातेवाइकांनी यात आपापली भर घातली. कुणी म्हणालं, हात कधीच बरा झालाय, प्लास्टर नाटकाचं आहे. कुणी म्हणालं, गाडी बघून केस टाकली. आणि एका पाहुण्याने, आजकाल कुठेही निघतो तसा तोही विषय काढला: नाव बघून केस टाकली.

मी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि खाली अर्जदाराच्या वकिलांचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. वकील आमच्याच मोहल्ल्यातले निघाले. जुम्म्याला आमच्याच सफीत उभे राहणारे. पाहुणे चहा पिऊन उठले. आजच्या काळात ही शंका उगाच येते असं मी म्हणणार नाही. ती येण्याइतकं आपण पाहिलेलं आहे. पण प्रत्येक कागदावर ती आधीच लिहून ठेवली, तर कागदात प्रत्यक्ष काय लिहिलंय ते दिसत नाही.

त्या कागदात काय होतं ते आधी समजून घेऊ, कारण इथेच लोकांची गल्लत होते. अपघातानंतर प्रकरणं दोन चालतात. एक फौजदारी, पोलिसांनी नोंदवलेली. निष्काळजीपणे वाहन चालवून दुखापत केल्याची. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेखाली चालते. दुसरं प्रकरण नुकसानभरपाईचं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर. आमच्याकडे आलेलं समन्स या दुसऱ्याचं होतं. इथे कुणाला तुरुंगात पाठवत नाहीत. इथे प्रश्न एवढाच असतो की झालेलं नुकसान किती आणि ते कुणी भरायचं.

मग आमच्या पोराचं नाव कशाला? कारण दावा करताना चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना पक्षकार केलं जातं. अपघात घडवला चालकाने, चालकासाठी जबाबदार मालक, आणि मालकाच्या वतीने पैसे भरायचे ते विमा कंपनीने. विमा कंपनीपर्यंत जाणारी वाट आमच्या दारावरून जात होती, इतकाच त्याचा अर्थ. आणि केस अचानक कशी आली? अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, अशी अट २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. सहावा महिना संपत आला होता. त्या माणसाने आमच्यावर डूख धरून केस टाकली नव्हती. मुदत संपायच्या आत त्याच्या वकिलांनी अर्ज दिला होता.

भावाची पॉलिसी चालू होती. तिचं नूतनीकरण अपघाताच्या अकरा दिवस आधी झालं होतं. ती अकरा दिवसांची गोष्ट आठवली की भाऊ अजून गप्प होतो. थर्ड पार्टी विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते; दुकान, प्लॉट, जे असेल त्यातून. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ती मुदत संपल्यावर पुढचा हप्ता कितीजण भरतात, ते आपापल्या गल्लीतल्या गाड्यांकडे बघून प्रत्येकाने ठरवावं.

आणखी एक गोष्ट. आमच्या पुतण्याला अठरा पूर्ण होऊन वर्ष झालं होतं आणि त्याच्याकडे पक्कं लायसन होतं. तो सतरा वर्षांचा असता तर? मग कलम १९९ अ लागलं असतं. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी असताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. आपल्याला नकळत गाडी नेली किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं ओझं बापावर. आणि लायसन नसलेल्या चालकामुळे पॉलिसीची अट मोडली, हा मुद्दा विमा कंपनी उचलते. कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असेही हुकूम होतात. अकरावीतल्या मुलाला ‘जरा कोपऱ्यावरून दूध घेऊन ये’ म्हणून स्कूटरची चावी देणाऱ्या प्रत्येक आई-बापाने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

मोहल्ल्यातला एक सल्ला असा होता की कोर्टात जाऊच नका. “कंपनीचा वकील लढतो, तुम्ही कशाला रोजगार बुडवता?” अनेक मालक हेच करतात. पुकारा होतो, जाबदार गैरहजर, आणि त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा हुकूम होतो. बहुतेक वेळा निभावतंही. पण कंपनीने लायसनचा किंवा पॉलिसीचा मुद्दा काढला, तर त्याला उत्तर द्यायला तिथे आपलं कुणी नसतं. मी भावाला म्हणालो, आपल्या नावाचा पुकारा होत असेल तर ‘हजर’ म्हणायला माणूस पाहिजे. त्याने ते ऐकलं. लायसन, आरसी बुक, पॉलिसी आणि पीयूसी यांच्या नकला घेऊन आम्ही एका वकीलसाहेबांकडे वकीलपत्र दिलं.

त्यांना भावाने पहिला प्रश्न विचारला तो हा, की आता त्या माणसाच्या घरी जायचं की नाही. अम्माचा हट्ट होता की जायचंच. आजाऱ्याची इयादत केस पडली म्हणून थांबत नाही, असं तिचं म्हणणं. वकीलसाहेब म्हणाले, “जा. पण कुठल्या कागदावर सही नको, पैशाचं वचन नको, केस मागे घे म्हणायचं नाही आणि साक्षीदाराला भेटायचं नाही. नुसतं भेटून या.” अट कडक होती, पण अम्माला त्याहून जास्त काही करायचंच नव्हतं.

आम्ही तिघं गेलो. भाऊ, पुतण्या आणि मी. दोन खोल्यांचं घर. तो माणूस भावापेक्षा लहान, वय ३९. त्याने मनगट पुढे करून दाखवलं. हाड जुळलं होतं, पण हात पूर्ण वळत नव्हता आणि मूठ घट्ट बसत नव्हती. हळदीचं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना एका हाताने हुक आणि दुसऱ्याने पोत्याचा कान धरावा लागतो, हे त्याने बसल्या बसल्या अभिनय करून सांगितलं. टोळीतल्या लोकांनी त्याला चार महिने सांभाळून घेतलं होतं; आता तो काट्यावर नोंदी घेण्यासारखी हलकी कामं करत होता आणि मजुरी त्या मानाने कमी मिळत होती.

त्याच्या बायकोने चहा दिला आणि भावाला म्हणाली, “दादा, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पैसं कंपनी देणार म्हणून वकील म्हणालेत. तुमच्या पोरानं उचलून दवाखान्यात न्हेलं, ते आमी इसरलो न्हाई.” भाऊ काही बोलू शकला नाही. पुतण्या त्या हाताकडे बघत बसला होता. परत येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, “बडेअब्बा, मी उजवीकडं बघितलंच नव्हतं. डावीकडून काही येतंय का तेवढंच बघत होतो.”

पुढच्या तारखेआधी कैफियत दाखल करायची होती. दावा दाखल झाल्यावर जाबदार जे लेखी उत्तर देतो त्याला आपल्याकडच्या कोर्टात कैफियत म्हणतात. वकीलसाहेबांच्या ऑफिसातून टाइप केलेला मसुदा आला. मी तो वाचला आणि पुतण्याला वाचायला दिला. त्यात होतं: अर्जातील कलम १ पासून शेवटपर्यंतचा सर्व मजकूर खोटा व लबाडीचा असून जाबदारास मान्य व कबूल नाही. अर्जदार स्वतःच हयगयीने सायकल चालवत वाहनासमोर आला. अर्जदारास कोणतीही गंभीर इजा झाली नाही. केवळ पैसे उकळण्याच्या हेतूने अर्ज केला आहे. आणि सगळ्यात खाली, पुतण्याने जिथे सही करायची तिथे: वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.

पोरगा पेन हातात घेऊन थांबला. म्हणाला, “वर लिहिलंय सगळं खोटं आहे आणि खाली मी म्हणायचं की हे खरं आहे?”

भाऊ म्हणाला, “कोर्टात असंच लिहितात. सही कर.”

खरंच असंच लिहितात. कैफियतीचा तो साचा वर्षानुवर्षं चालत आलाय, त्यात फक्त नावं बदलतात. वकीलसाहेबांचा त्यात काही कपटी हेतू नव्हता. पण १९ वर्षांच्या मुलाला साचा माहीत नसतो, तो शब्द वाचतो. त्याने तो हात पाहिला होता. त्या घरातला चहा प्यायला होता. आणि आता त्याच माणसाला लबाड म्हणणाऱ्या कागदावर त्याला आयुष्यातली पहिली कोर्टातली सही करायची होती.

अम्मा कॉटवर बसून सगळं ऐकत होती. तिचं शिक्षण उर्दू चौथी. ती म्हणाली, “कैफियत बोले तो हाल. कैसा हुआ वो बताने का. उस्में झूट कायकू?” तिच्या उर्दूत कैफियत म्हणजे हालहवाल, जे आहे त्याची स्थिती. हाच शब्द कोर्टाच्या मराठीत आला आणि त्याचा अर्थ प्रतिवादीचं उत्तर असा ठरला. दोन्हीकडे अपेक्षा एकच: जे झालं ते सांगा.

मी आणि पुतण्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपली बाजू मांडली. ती ऐकण्यासारखी होती. पहिली गोष्ट, मोटार पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैशाचं वचन द्यायचं नाही. दुसरी गोष्ट, फौजदारी केस अजून उभी आहे. इथे लिहून दिलेलं वाक्य तिथे पोराविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. पोरगं कॉलेजात आहे, उद्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी होईल. “मास्तर, खरेपणाच्या भरात पोराच्या गळ्यात दोर बांधायला मी वकील झालो नाही,” ते म्हणाले.

पुतण्या म्हणाला, “सर, मला चूक कबूल करायची नाही असं असेल तर मी गप्प बसतो. पण ते खोटं बोलतात असं मी लिहिणार नाही.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मसुदा परत घेतला. नवी कैफियत दीड पानाची झाली. अपघाताची तारीख, वेळ, जागा मान्य. वाहन जाबदार नंबर १ चालवत होता, हे मान्य. त्याने अर्जदारास रुग्णालयात नेलं आणि पोलिसांना व विमा कंपनीला कळवलं. अपघाताच्या दिवशी लायसन व पॉलिसी वैध होती, नकला जोडल्या आहेत. निष्काळजीपणा कोणाचा, इजेचं प्रमाण व नुकसानीची रक्कम किती, हे मुद्दे अर्जदाराने पुराव्याने शाबीत करावेत. लबाडीचा, उकळण्याचा, खोटा हे सगळे शब्द गेले. सायकलवाल्याच्या हयगयीचं वाक्यही गेलं. पोराने खालची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि सही केली.

मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं जे वाटलं ते हेच. स्वतःचा बचाव करणं हा पोराचा हक्क होता. गप्प राहणं हाही हक्क होता. पण समोरच्याला लबाड ठरवणं हा त्या बचावाचा भाग असायलाच हवा असं नाही, हे आम्हाला त्या दीड पानाने दाखवलं. या दोन गोष्टींमधली रेघ बारीक आहे, पण ती आहे. वकिलाला ती सांगितली तर चांगला वकील त्या रेघेच्या अलीकडे राहून तुमचं काम करू शकतो. आपणच बहुतेकदा सांगत नाही. जिथे फुली केलेली असते तिथे सही करून मोकळे होतो.

पुढच्या तारखा पैशाच्या हिशेबाच्या होत्या. इथे मला एक गोष्ट नवीन कळली. डॉक्टरांच्या दाखल्यात उजव्या हाताचं कायमचं अपंगत्व १२ टक्के लिहिलं होतं. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, एवढ्याशा टक्क्याला काय भरपाई? पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात हा प्रश्न सविस्तर सोडवून ठेवलाय. अवयवाचं अपंगत्व किती, हे बघून थांबायचं नाही. त्या माणसाच्या कामावर त्याचा परिणाम किती, हे बघायचं. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच जाते. म्हणजे तेच मनगट माझं मोडलं असतं तर मी पेन्शन घेत वर्तमानपत्र वाचत बसलो असतो. हमालाचं मनगट हेच त्याचं दुकान.

दुसरा प्रश्न कमाईच्या पुराव्याचा. रोजंदारीवरच्या माणसाची इथेच अडचण होते, कारण त्याच्याकडे पगाराची पावती नसते. पण हा हमाल माथाडी मंडळात नोंदवलेला होता. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. नोंदणी झालेल्या कामगाराची मजुरी मंडळामार्फत जमा होते, तिची नोंद राहते. त्याच्या वकिलांनी ती नोंद आणि बँकेचं पासबुक दाखल केलं. महिन्याची सरासरी कमाई पंधरा हजार. ज्यांनी कुणी हमालांसाठी हा कायदा व्हावा म्हणून आयुष्य घातलं, त्यांचे आभार त्या दिवशी मनातल्या मनात मी मानले.

हिशेब साधा असतो. महिन्याला पंधरा हजार म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. कमाईत दहा टक्के घट धरली तर वर्षाला अठरा हजार. ३६ ते ४० या वयासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घालून दिलेला गुणक १५. म्हणजे दोन लाख सत्तर हजार. त्यात बुडालेल्या चार महिन्यांची मजुरी, औषधपाणी, प्रवास आणि सोसलेल्या वेदनेची रक्कम. सहा लाखांचा आकडा वाढवून मागितलेला होता हे खरं. पण कंपनीने सुरुवातीला देऊ केलेले दीड लाखही त्या हाताची किंमत नव्हती.

शेवटी प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं गेलं. समोर न्यायाधीश आणि सोबत पॅनेलवरचे वकील. एका बाजूला अर्जदार आणि त्याचे वकील, दुसऱ्या बाजूला कंपनीचा अधिकारी आणि वकील, मागच्या बाकावर आम्ही. कैफियतीत घटनेचा वाद नव्हता, लायसन-पॉलिसीचा वाद नव्हता, त्यामुळे बोलणं सरळ रकमेवर आलं. पाऊण तास घासाघीस झाली. तीन लाख पंचवीस हजारांवर तडजोड झाली आणि ती कंपनीने भरायची ठरली. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे त्यावर अपील नसतं. दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या. हमालाने पेन डाव्या हाताने कागद दाबून उजव्या हातात धरलं. सही करायला त्याला जरा वेळ लागला. सगळे थांबले.

अर्जदाराचे वकील बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, “मास्तर, तुमच्या पोराच्या कैफियतीमुळे माझे दोन साक्षीदार आणि वर्षभराच्या तारखा वाचल्या.” हे कौतुक म्हणून इथे लिहीत नाही. खरं लिहिल्यावर प्रत्येक वेळी असंच भलं होतं, असाही माझा दावा नाही. फौजदारी केस अजून चालू आहे, तिच्या तारखा पडताहेत, आणि तिथे काय होईल ते तिथलं न्यायालय ठरवेल. त्या केसमध्ये काय म्हणायचं ते पुतण्या आता वकीलसाहेबांना स्वतः विचारतो, समजून घेतो, मग ठरवतो. कागद माझ्याकडे आणत नाही.

आपल्या मोहल्ल्यात आता गाड्या वाढल्या आहेत. कर्जावर का होईना, दारात चारचाकी उभी राहते आहे, आणि ती चालवणारी मुलं अठरा-वीस वर्षांची आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. या मुलांकडून कधीतरी कुणाला धक्का लागणार, आणि ज्याला लागेल तो बहुतेक वेळा सायकलवर, दुचाकीवर किंवा पायी असेल. त्याच्याकडून कोर्टाचा कागद आला तर तो शत्रूचा कागद समजू नका. कायद्याने त्याला दिलेला हक्क तो मागतोय, आणि तो हक्क देण्यासाठीच आपण दरवर्षी हप्ता भरतो. लायसन काढा, विमा चालू ठेवा, तारखेला हजर राहा, चांगला वकील द्या, स्वतःचा बचाव जरूर करा. आणि कैफियतीवर पोराची सही घेण्याआधी ती त्याला वाचू द्या.